फरशीवरून आलेला पहिला परका

जिनिंगच्या आवारात नुसतं उभं राहिलं तरी अंगाला कापूस चिकटतो. आमच्या जळगावच्या ऑफिसात तसे किस्से चिकटतात. चहाला म्हणून टेकायचं, उठताना एखादा घेऊनच उठायचं. पण फरशीचे किस्से सांगायला लागलो की अजून मला खुर्चीत बसवत नाही!

आधी माणसं सांगतो. नाना आमचे मालक. जिनिंगच्या वजनकाट्यांसाठी त्यांनी तरुणपणी पास्कल भाषेत प्रोग्राम लिहिला, तो अजून टिच्चून चालतो. पण गिऱ्हाइकाला आता सगळं मोबाईलवर पाहिजे, आणि ते काम आम्ही करतो पायथनमध्ये. या दोन भाषा म्हणजे अबोला धरलेल्या जावाजावा. आमच्या ऑफिसातल्या योगितानं त्यांना जोडणारं मॉड्यूल लिहिलं. पायथननं हाक मारायची, पास्कलनं ओ द्यायची, नानांचं गणित जसंच्या तसं. मी टेस्टिंग बघतो, म्हणजे पगार घेऊन तिच्या कामात खुसपटं काढतो.

*

मॉड्यूलचं नाव ठरलं भरीत पार्टीत. एरंडोलजवळ नानांचं शेत आहे, तिथं थंडीत तुरकाठ्यांवर वांगी भाजत होतो. कोणी म्हणे महासेतू, कोणी म्हणे संगम. नाना वांग्याची साल काढत म्हणाले, "आपल्या नदीवर काय असतं? फरशी. पाण्याला लागून बुटका पूल, ना कठडा ना कमान. पण बैलगाडीपासून ट्रकपर्यंत बठ्ठं जास."

योगितानं विचारलं, आणि पूर आला की?

"पूर आला की अलीकडे थांबायचं. त्यात फरशीचा काय दोष?"

हे वाक्य आज इंग्रजीत आमच्या मॉड्यूलच्या सूचनांमध्ये आहे. एकदम फार डेटा आला तर काय करावं, या मथळ्याखाली.

*

हे सगळं ओपन सोर्स करायचं, म्हणजे जगातल्या कोणीही घ्यावं आणि वापरावं, असं ठरलं. खाली कापडाचं दुकान असलेल्या शेठजींना नानांनी हौसेनं सांगितलं. शेठजींची तिसरी पिढी धंद्यात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"फुकट देताय, पुण्याचं काम आहे. पण लोक माल परत घेऊन आले तर ठेवाल कुठे?"



*

आता खरी गोष्ट. योगिताला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलेलं. तिनं नानांना तोंडावर सांगितलं, "दिवाळीपर्यंत एका तरी परक्या माणसानं फरशी वापरली तर मी इथंच. नाहीतर आपण आपल्याच अंगणात उड्या मारतोय असं समजेन आणि जाईन."

नानांचा चेहरा उतरला. माझा तर पडलाच. ती गेली तर फरशी सांभाळणार कोण? मी? अहो, माझ्याच्यानं फक्त खुसपटं निघतात!

*

रिलीजचा मुहूर्त नानांनी काढला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आखाजीला खान्देशात लेक माहेरी नसली तर लोक नावं ठेवतात, म्हणून योगिता भडगावला. घरात रेंज नाही, अंगणात नाही. रेंज सापडली ती आमराईतल्या झोक्यावर. तीही झोका वर गेला की यायची, खाली आला की गायब.

मग काय, एका हातात दोर, दुसऱ्या हातात मोबाईल. खाली बायकांची आखाजीची गाणी चाललेली आणि वरून ही ओरडतेय, "वहिनी, अजून जोरात, थोडंच राहिलंय!"

मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर कसं रिलीज होतं मला माहीत नाही. आमचं दोन वहिन्यांनी ढकलून झालं.

*

आठवड्यात फरशीला धडाधड पसंतीचे तारे मिळायला लागले. आम्ही पेढे आणले. योगितानं नावं वाचली आणि पेढा खाली ठेवला. तिचे दीर, मावसभाऊ, नणंदेचे मिस्टर, जाऊबाईंचं ब्यूटी पार्लर. नानांनी तिच्या नवऱ्याकरवी सासर-माहेरच्या ग्रुपांवर लिंक टाकली होती. पहिला अभिप्राय तिच्या आत्याचा, "छान आहे. अशीच प्रगती कर. जेवलीस का?"

नाना बिचकत म्हणाले, बठ्ठा आपलाच लोके शेतस, पण तारे तर खरे आहेत.

"परका म्हणजे परका, नाना. सोयरा धरायचा नाही."

*

आणि दिवाळी तोंडावर आली असताना पहिली तक्रार आली. अस्सल इंग्रजीत, "डिअर सर" अशी. खाली नुसती आद्याक्षरं. पास्कलमधला दशांश पायथनमध्ये येताना गळतोय, कृपया पाहावे. ऑफिसात आम्ही अक्षरशः नाचलो. चूक काढली म्हणून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

योगितानं तिकडे "डिअर सर" म्हणून उत्तर दिलं. दोघांची अदबशीर इंग्रजी सुरू झाली. आम्ही पैजा लावल्या, जर्मन आहे की जपानी. मग एके दिवशी वादळ झालं आणि तिचं उत्तर राहिलं. संध्याकाळी तिनं मोबाईलवरून लिहिलं की माफ करा, सकाळपासून नो लाईट.

लगेच उत्तर आलं, "आठेबी नही शे."

इथंही नाही, तेही आपल्या अहिराणीत. साहेब शिंदखेड्याचे निघाले! बोरसे. नंतर म्हणाले, फरशी नावावरून संशय आला होता, पण म्हटलं इटलीबिटलीचं असेल.

*

बोरसे भाऊ दिवाळीआधी भेटायला आले. गावच्या दूध डेअरीचा जुना पास्कल प्रोग्राम त्यांनी फरशीवरून मोबाईलला जोडला होता. आमच्यासमोर त्यांनी तो चालवून दाखवला. तिकडे काट्यावर कॅन ठेवला की इकडे आकडा. योगिताचे डोळे भरून आले, नानांनी चष्मा पुसायला घेतला. परका माणूस, खराखुरा परका, आणि दिवाळी अजून लागायची होती!

जेवायला बसलो. योगितानं घरून शेवभाजी आणली होती. आणि नानांची जीभ वळवळली. आपल्याकडे माणूस भेटला की त्याची सोयरीक शोधल्याशिवाय घास उतरत नाही. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, पण उशीर झाला होता.

"शिंदखेड्याचे बोरसे म्हणजे कोणाकडचे?"

बोरसे भाऊ खुलले. "अहो नाना, लांब कशाला? आमची एक आत्या तर भडगावलाच दिलेली..."

योगितानं पळीभर शेवभाजी त्यांच्या वाटीत ओतली.

"बोरसे भाऊ, आधी जेवून घ्या."

योगिता आज जळगावातच आहे. बोरसे भाऊ अधूनमधून येतात, नवी तक्रार आणतात, जेवून जातात. पण त्यांची आत्या भडगावला कोणाच्या घरी दिली, हे आमच्या ऑफिसात आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.