कचरूच्या टाकीतले जीव

पिंपळगाव राजाच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच माझ्या नावानं बोंब नको. तिथल्या पंचायतीत कचरू शिपाई. नळ सोडणारा तोच, दवंडी देणारा तोच, आणि गेल्या वर्षी सांडपाण्याची टाकी बांधली तर तीही त्याच्याच गळ्यात पडली.

बुलढाण्याला तीन दिवस शिकून आला आणि गडी पार बदलला. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, घाण तेच खातात, उरलंसुरलं पुढच्या खडीच्या वाफ्यात कर्दळीची मुळं ओढून घेतात, हे त्यानं पारावर बसून समजावलं. लोक खो-खो हसले. "कचरू, तुये जीव जेवले का बे?" असं जो तो विचारू लागला.

त्यानं मात्र त्या जिवांचं विरजण म्हणून घरोघर फिरून शेण जमवलं, कालवून टाकीत सोडलं आणि तीन महिने लेकरासारखी राखण केली. काऊन नाही करणार? टाकीआधी अख्ख्या गावाची गटार उतारानं त्याच्या वस्तीत, थेट त्याच्या दारापुढं यायची. त्याच्या दोन्ही नातींना बारा महिने हगवण. टाकी चालली तरच ती गटार वळलेली राहणार होती. आणि चालली हो! वाफ्यातून पाणी नितळ येऊ लागलं, नाती खेळू लागल्या.

मग पत्र आलं. जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार, पाण्याचा नमुना नेणार, नमुना नापास झाला तर टाकी बंद. कचरू म्हणाला, "येऊ द्या ना, पाहू द्या!" पण सरपंच भागवतराव लगेच तयारीला लागले. साहेब यायचा म्हटला की आपल्याकडं चुना मारतात, फक्की टाकतात, फिनेल शिंपडतात. बापजाद्यांपासून हेच. त्यांनी कचरूला शाल, नारळ, हार आणायला खामगावला पिटाळलं.

दुपारी तो परतला तर टाकीवर पांढरा फेस, आणि वास दवाखान्याचा.

"भाऊ, हे काय केलं?"

"काऊन? लय वास मारत होती. दोन पोते ब्लिचिंग टाकलं आन् चार कॅन फिनेल. आता पाह्य कशी झकास!"

"आवो, जीव मेले ना त्याच्यातले!"

"जंतू मेले तं बेसच झालं की बे," भागवतराव म्हणाले, आणि शाल उलगडून पाहू लागले.

कचरूला वाटलं, त्याच शालीनं तोंड बांधून रडावं. तीन महिन्यांची मेहनत एका सकाळी मातीत घातली, आणि वर बेस झालं म्हणतात! दुसऱ्या दिवशी साहेब आले तसा तो पुढं सरला. "साहेब, दोन महिने थांबा, मी पुन्हा शेण घालतो..." सरपंचांनी त्याला खांद्याला धरून मागं केलं. साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. "घाणीचा वास अजिबात नाही. छान!" शाल घेतली, नारळ घेतला, बाटलीत पाणी भरलं आणि गाडी धुरळा उडवत गेली.

वीस दिवसांनी निकाल आला. नापास. कर्दळ तोवर करपून आडवी झाली होती. कागदावर लिहिलं होतं, देखभाल करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे. खाली हुकूम, टाकी बंद करून गटार पूर्ववत करावी.

कचरू पंचायतीत भांडला. घसा बसेपर्यंत भांडला. भागवतराव खाली बघत म्हणाले, "माया हातात काही नाही राह्यलं बे आता." हे मात्र खरंच होतं.

चर खणायचं काम शिपायाचं. सकाळी कचरू कुदळ घेऊन वस्तीत आला, तशी त्याची बायको अन्नपूर्णाबाई नातीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"इकडं काऊन खणून राह्यले हो?"

"पंचायतीचा हुकूम हाये," तो म्हणाला, आणि आपल्याच दारापुढं त्यानं पहिली कुदळ घातली.