पारा आणि काठोकाठ चहा

नवऱ्याच्या लघवीतला पारा मर्यादेत आहे, हे ऐकलं आणि मी इथे आखातात, अल कुसैसच्या त्या दवाखान्यात मटकन खुर्चीत बसले. मग हसतच सुटले. समोरची बाई माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.

आमच्या सांगलीकडच्या घरात गलाईचं काम पिढीजात, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं. सासरे सोनारांच्या दुकानातला केर पाऱ्यात घोळवून त्यातले सोन्याचे कण काढायचे. शेवटी त्या पाऱ्यापायी त्यांचे हात इतके थरथरायला लागले की चहा सासूबाई पाजायच्या.

नवरा इथे एका रिफायनरीत भट्टीवर आहे. आफ्रिकेतल्या छोट्या खाणींचं सोनं तिथे येतं, आणि खणणारी ती माणसंही पाराच वापरतात. म्हणून कंपनीने नियम केला. सोनं कुठे खणलं, पारा बंद भांड्यात उडवला का, याची नोंद खाणीवरच मोबाईलमध्ये झालेली हवी. भट्टीशेजारी पाऱ्याची वाफ ओळखणारं यंत्रही बसवलं. "सोन्याचा रंग बघायचा की मोबाईल?" असं म्हणत हा मास्क काढून सोनं वितळवायच्या मुशीवर वाकायचा, अगदी वडिलांसारखा. मी किती डोकेफोड केली असेल.

मग एका व्यापाऱ्याने ओळखीवर, नोंदीशिवाय आणलेलं सोनं मुशीत गेलं. आमचे साहेब नेहमीसारखे मास्क काढून वाकले, तोच यंत्र बोंबललं. सुपरवायझरने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "यल्ला, सब बाहर! काम खलास!" त्यानंतर सगळ्यांची तपासणी झाली.

रिपोर्ट यायचा होता तोवर माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचे हात होते. विचारायची हिंमत नव्हती. म्हणून रोज सकाळी त्याचा कप काठोकाठ भरून द्यायची आणि भाजी चिरता चिरता चोरून बशीकडे बघायची. बशी कोरडीच असायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा धाकधूक.

आता नोंद नसलेलं सोनं दारातूनच परत जातं. आणि ज्या यंत्राला हा शिव्या घालायचा, त्याला आता 'आमचं मशीन' म्हणतो.

दवाखान्यातून आम्ही घरी आलो, मी चहा टाकला. कप पूर्वीसारखा बोटभर कमी भरून दिला. त्याने आधी कपात पाहिलं, मग माझ्याकडे.

"संपली वाटतं परीक्षा," तो म्हणाला. "रोज श्वास रोखून उचलत होतो गं."