चमकवलेले बोल्ट

रामनगरच्या उतारावर टेम्पोचं मागचं चाक निखळलं आणि आम्हाला मागे टाकून पुढे धावत सुटलं. टेम्पो एका अंगावर घासत जाऊन गवताच्या ढिगात घुसला. ड्रायव्हर दोन्ही हात जोडून बसला होता. ते त्याने हँडब्रेककडे न्यायला हवे होते.

रस्त्याकडेचा म्हातारा मिस्त्री सावकाश आला. त्याचं नाव मी विचारलं नाही. तुटका बोल्ट उचलून त्याने हुंगला. "विश्वकर्मा पूजा के लिए चमकवाया था?"

ड्रायव्हर लाजला. पूजेला गाडी नटवायची म्हणून परवाच त्याने चाकांच्या बोल्टांना मुलामा दिला होता.

मिस्त्रीने समजावलं की तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, आणि मुलाम्याच्या हौदात पोलाद गॅस पितं. लगेच चार तास भाजलं तर गॅस निघतो, नाहीतर आतून तडा जातो. त्याचे स्वतःचे बोल्ट शेजारच्या नानखटाईवाल्याच्या भट्टीत, नानखटायांच्याच ट्रेमध्ये भाजत होते.

"तो इसके भी भून दो," मी म्हटलं.

"अब क्या भूनें, माई? दरार पड़ चुकी. नरम लोहा बच जाता है, कड़क ही टूटता है."

"हम भी कड़क हैं. हम कहाँ टूटे?"

"आप रोज चूल्हे पर सिकती हैं न!"

मी नानखटाईवाल्याकडून एक नानखटाई घेतली. तिला ग्रीसचा वास होता. मिस्त्रीने चमकते बोल्ट सगळे काढून फेकले, स्वतःकडचे जुने गंजके लावले, मगच आम्हाला बसू दिलं.

टेम्पोत ड्रायव्हर धरून आम्ही सात जण होतो. सातही जगलो.