खर्ची पडलेला विलाप

कुल्झिपा रडायला बसली की दगडाला पाझर फुटायचा. चिंगीसच्या डोंगराखालच्या कुठल्याही गावात कुणी मेलं, की बोलावणं तिलाच. मेलेल्याच्या सात पिढ्या, त्याचा घोडा, त्याच्या खोडी, सगळं ती विलापात ओवायची. मात्र जित्या माणसासाठी ती कधी रडली नाही. जित्याला रडलं की तो जातो, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. तिची चार पोरं पाळण्यातच गेली होती. पाचव्याचं नाव तिनं तोक्तार ठेवलं, म्हणजे थांबणारा. आणि तो थांबला. विशी ओलांडून सामूहिक शेताच्या मेंढ्या राखू लागला.

त्रेपन्न सालच्या मार्चात मॉस्कोतला सर्वांत मोठा पुढारी वारला. शेताचा अध्यक्ष एसिम्बेक धापा टाकत तिच्या दारात आला.

"आपा, ऊठ! जिल्ह्याची माणसं येऊन बसलीत. असं रड, की सगळ्यांना हुंदके फुटले पाहिजेत."

"अरे, मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याचा घोडा कोणता? सात पिढ्या कोणत्या?"

"तुझ्या नवऱ्याला सदतीस साली उचलून नेला, तो परतलाच नाही, आठवतंय ना? आज तुझे डोळे कोरडे राहिले, तर उद्या तोक्तारचा नंबर."

आता काय करील बिचारी! सभागृहात तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जिल्ह्याचा माणूस टक लावून बघायला लागला. मग तिनं डोळे मिटले आणि करू नये ते केलं. तोक्तार मेलाय, असं मनात आणलं. त्यासरशी हंबरडा फुटला.

"कोकरं कोटात निजवणाऱ्या राजा, तुझा कोट आता कुणाच्या अंगावर घालू? माझ्या दारचा करडा घोडा कुणाची वाट बघेल?"

बायका तर बायका, मिशाळ गडीही ढसाढसा रडले. एसिम्बेक हरखून गेला. "वा आपा! पुढाऱ्याला थेट आपला मेंढपाळच करून टाकलंस!" विलाप जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून आला, शाळेतल्या मुलांनी पाठ केला.

घरी तोक्तार हसत म्हणाला, "आई, तो कोट माझाच ना गं?"

तिनं झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला. "चूप! पुन्हा बोलू नकोस."

ऑगस्टात फौजेच्या गाड्या आल्या. कसली तरी मोठी चाचणी होती म्हणे. गाव डोंगरापलीकडे हलवायचं, थोडे गडी गुरांपाशी ठेवायचे. कोण राहणार? एसिम्बेकनं बोट दाखवलं, "आपाचा तोक्तार. भरवशाचा पोरगा आहे."

गाव परतलं तेव्हा भिंतींना तडे गेले होते. तोक्तार सांगत होता, "आई, दुसरा सूर्य उगवला! डोळ्यांवर हात धरला, तर हातातली हाडं दिसली." शिपायांनी त्याच्या अंगाजवळ एक पेटी धरली, ती टकटक वाजली, तसे ते मागे सरले. कुणी काही सांगितलं नाही, मेल्यांनी! पहिला बर्फ पडायच्या आत त्याचे केस टोपीत गळून राहिले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. आणि तो गेला.

बायका जमल्या. कुल्झिपा पोराच्या उशाशी बसली, त्याचा कोट छातीशी धरला.

"कोकरं कोटात निजवणाऱ्या राजा..."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक नवी सून कुजबुजली, "हे तर पुढाऱ्याचं!" दारातल्या पोरांनी पुढची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. एसिम्बेक घाईनं आत आला.

"आपा, हे नको. हल्ली त्याचं नाव फार घ्यायचं नाही, असं वरून सांगितलंय. दुसरं काहीतरी म्हण."

"हे माझ्या तोक्तारचं आहे रे."

"तोक्तारचं?" एक म्हातारी दचकून मागे सरली. "मार्चात तर तो जिवंत होता! अगं, म्हणजे तूच..."

कुल्झिपानं पुन्हा तोंड उघडलं. आयुष्यभर परक्यांच्या मढ्यांसाठी आपोआप येणारे शब्द आज एकही आले नाहीत. शेवटी एसिम्बेकनं शेजारच्या गावातून दुसरी रडणारी आणवली. तिनं तोक्तारला कधी पाहिलं नव्हतं. घोडा काळा म्हणाली, बापाचं नाव चुकवलं.

कुल्झिपानं तिची चूक दुरुस्त केली नाही.