टोकियोला जायचं तर नवऱ्याची सही आणा

“मालकाचं संमतिपत्र पाह्यजे,” देवकरबाबू म्हणाले आणि माझी फाईल त्यांनी टेबलाच्या डाव्या बाजूला सरकवली. डावीकडे गेलेली फाईल म्हणजे अडलेली फाईल, हे आमच्या दवाखान्यात शिपायालाही ठाऊक होतं.

“कशाचं संमतिपत्र?” मी विचारलं.

“तुमी टोकियोले जाऊन राह्यल्या ना? मंग मालकाची हरकत नाही असं त्याईच्या सहीनं कागदावर पाह्यजे. बाईमाणूस हाये. उद्या तिकडं काही झालं तर जबाबदार कोन?”

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका क्षयरोग दवाखान्यात हेल्थ व्हिजिटर होते. गावाचं नाव सांगत नाही. हेल्थ व्हिजिटर म्हणजे पेशंटच्या घरी जाणारी बाई. क्षयाचं औषध तेव्हा वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागायचं. थोडे महिने गोळ्या आणि सुया घेतल्या की खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं, माणसाला वाटतं आपण बरे झालो. मग तो दवाखान्यात यायचं बंद करतो. अशा पेशंटला आम्ही ‘डिफॉल्टर’ म्हणायचो. डिफॉल्टर शोधायचा, त्याच्या ओट्यावर बसायचं आणि त्याला परत आणायचं, हे माझं काम. एस.टी., बैलगाडी, नाहीतर पाय.

जपानमध्ये क्षय फार होता आणि त्यांनी तो झपाट्यानं कमी केला होता. तो कसा, हे शिकवायला टोकियोत एक कोर्स होता. मुंबईच्या ऑफिसनं नावं मागवली, नागपूरला इंटरव्ह्यू झाला आणि माझं नाव निघालं. मलाच खरं वाटेना. आमच्या दवाखान्याच्या साहेबांना तर मुळीच वाटेना.

देवकरबाबू हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद मागितला, मी घरी येऊन सांगितलं. माझे यजमान शाळामास्तर. त्यांनी लगेच दौत काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, की माझ्या पत्नीस परदेशी जाण्यास मी सहर्ष परवानगी देत आहे. खाली सही. मी घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला. तोपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला घाई होती ती तयारीची.

तयारी कशाची करायची हेच कळत नव्हतं. मास्तरांनी शाळेतून नकाशा आणला. त्यात टोकियोचा ठिपका मुंबईच्या ठिपक्याएवढाच. तिथं थंडी किती? नऊवारीवर कोट कसा घालतात? खायला काय? माझं माहेर धाडचं. आम्ही काही वर्षांपूर्वीच बौद्ध झालेलो. धाडला माझ्या वडिलांनी साऱ्या वस्तीत सांगून टाकलं होतं, की आपली पोरगी बुद्धाच्या देशात चालली. पण तिथं हिवाळ्यात पायात काय घालतात, हे धाडमध्ये कोणाला माहीत असणार?

शेवटी कोणीतरी खामगावच्या रमजानचाचांचं नाव सांगितलं. कापसाचे पारखी. चिमूटभर रुई बोटांनी ओढून धागा किती लांब निघेल हे सांगायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्यांचा शेठ त्यांना बोटीनं ओसाकाला घेऊन गेला होता. मी रविवारी एस.टी. पकडून खामगाव गाठलं.

चाचा अंगणात खाटेवर बसले होते. म्हणाले, “टोकियो मी नाही पाह्यलं बेटी. माह्यं ओसाका. पर लोक तेच. सबसे पहले मोजे. फाटके नको. घरात, दुकानात जोडे बाहेर काढा लागते, अन् सारे तुह्या पायाकडंच पाह्यतात.”

“बरं.”

“दुसरं, पत्ता. जिथं राहशीन तिथला पत्ता त्याईच्याच अक्षरात लिहून घे अन् जवळ ठेव. शहर एवढं मोठं, पर रस्त्याले नावच नाही. मी हरवलो होतो. शेठ बाजारात ढुंढून राह्यला, अन् मी पोलीस चौकीत चहा पिऊन राह्यलो. बिनसाखरेचा! हिरवा! तिसरं, तिखट ने. भात मिळन, मच्छी मिळन, पर जिभेले काही लागत नाही.”

मग त्यांनी विचारलं, “शौहर सोबत चालला का?”

“नाही. मी एकटीच.”

“अच्छा है. मोजे एकीचेच घ्या लागतीन.”

मी हसत उठले. इतक्या दिवसांत मला एकटी जातेस का असं विचारून न घाबरलेला हा पहिला माणूस.

परतीच्या वाटेवर उंद्रीला उतरले. तिथं माझी एक डिफॉल्टर होती, कमल. विशीतली पोर. फुप्फुसात कॅव्हिटी, म्हणजे रोगानं पाडलेलं भोक. औषधानं बरी होऊ लागली होती आणि तेवढ्यात यायची थांबली. ती घरात एकटीच भाकरी थापत होती. मी पर्स मांडीवर घेऊन चुलीपाशी बसले.

“कमल, सुईला का येत नाहीस?”

“येतो ना बाई. पर मालकाले इचारा लागन. ते म्हनते आता खोकला नाही, तं कायले जातं. वावरातून आले म्हंजे इचारतो.”

माझा आवाज चढला. “खोकला तुझा, फुप्फुस तुझं. जीव तुझा जाईल. त्यांना काय विचारायचं?”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, “तुमी नाही इचारत का बाई तुमच्या मालकाले?”

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये मास्तरांची सहर्ष परवानगी होती.

मी काहीबाही बोलून उठले. एस.टी.त बसले ती खिडकीबाहेर बघत. वर्षानुवर्षं मी बायांना एकच गोष्ट सांगत आले होते. आता ती तोंडातून निघाली असती तर माझी मलाच लाज वाटली असती.

घरी आल्या आल्या कागद मास्तरांपुढे ठेवला. “हा परत घ्या.”

“काऊन? अक्षर आवडलं नाही का?”

“अक्षर चांगलं आहे. मी हा देणार नाही.”

“अवं, मी तं हो म्हनून राह्यलो! नाही म्हटलं असतं तं भांडण समजलो असतो.”

“आज तुम्ही हो म्हणालात. उद्या नाही म्हणाला असता तर?”

“मी काऊन म्हनन नाही?”

“तुम्ही म्हणणार नाही हो. पण म्हणायचा हक्क तुमच्याकडे कसा आला? वानखेडे मागे ट्रेनिंगला दिल्लीला गेले, त्यांच्या बायकोला कोणी विचारलं?”

वानखेडे म्हणजे आमच्याकडचे सॅनिटरी इन्स्पेक्टर. मास्तरांनी कागद उचलून दौतीखाली ठेवला. त्यांना लागलं होतं. चांगल्या मनानं दिलेली गोष्ट मी परत केली होती. जेवताना एवढंच म्हणाले, “जपान हातचं जाईन. तवा मले दोष देऊ नको.”

“नाही देणार.”

दुसऱ्या दिवशी देवकरबाबूंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मालक नाही म्हनते का?”

“ते हो म्हणतात. मीच देत नाही.”

“हे काय नवीन? हो म्हनते तं द्या ना कागद!”

“नाही.”

“मंग नाव कटते बाई.”

संध्याकाळच्या आत साहेबांनी बोलावलं. साहेब पुण्याचे. डॉक्टर म्हणून नामी, पण वर काही पाठवायचं म्हटलं की त्यांचा हात जड व्हायचा. देवकरबाबू दारात उभे होते.

“इंगळेबाई, हा हट्ट आहे,” साहेब म्हणाले.

“हो साहेब.”

मी ‘हट्ट नाही’ म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. “अहो, एका सहीचा प्रश्न आहे. एवढी मोठी संधी तुम्ही एका सहीपायी घालवणार?”

“मी घालवत नाही साहेब. ऑफिस घालवतंय.”

“हे बघा, मला तुमच्या जागी दुसरं नाव सुचवता येतं. वानखेडे तयार आहेत.”

“पाठवा ना. त्यांच्या मंडळींचं संमतिपत्र आलं का?”

दारात देवकरबाबूंना हसू फुटलं. ते लपवायला त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. क्षयाच्या दवाखान्यात कोणी खोकलं की सगळे वळून बघतात. आम्ही दोघंही वळलो. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

साहेब चिडले. “हा थट्टेचा विषय नाही.”

“मीही थट्टा करत नाही. साहेब, मी ज्या घरांत जाते तिथं बाया नवऱ्याला विचारल्याशिवाय सुई घेत नाहीत. त्यांना मी सांगते, तुमच्या जिवाचं तुम्ही ठरवा. तेच सांगायला तुम्ही मला पगार देता. माझं नाव कापायचं असेल तर कापा. फक्त कारण फाईलवर लिहा. नवऱ्याची लेखी परवानगी आणली नाही म्हणून नाव रद्द. खाली मी सही करते.”

टोकियो मला हवं होतं. फार हवं होतं. रात्रंदिवस दुसरा विचार नव्हता. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

साहेबांनी पेन उघडलं. ‘नवऱ्याची’ एवढं लिहिलं आणि थांबले. मुंबईला कोणीतरी हे वाचणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मान वर केली.

“देवकर, हा नियम कुठे आहे?”

“नियम नाही साहेब. पद्धत हाये.”

“कोणाच्या वेळी मागितलं होतं?”

“कोनाच्याच नाही. याच्या आधी कोनी बाई गेलीच नाही ना.”

“मग पद्धत पडली कधी?”

साहेबांनी तो शब्द खोडला. वर लिहिलं, उमेदवार सज्ञान असून स्वतः जाण्यास तयार आहेत. शाई टिपत म्हणाले, “वरून परत आलं तर माझा नाइलाज आहे. मग माझ्याकडे यायचं नाही.”

“नाही येणार.”

फाईल मुंबईला गेली. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. डाक आली की मी पेशंट सोडून खिडकीकडे बघायची. पुढच्या फेरीत उंद्रीला गेले तेव्हा कमलनं पुन्हा विचारलं नाही, मीच सांगितलं. “मी नाही विचारलं. त्यांनी सही दिली होती, ती परत केली. आता कदाचित जाणं होणार नाही.” तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “एवढ्याश्या कागदापायी?” मी म्हटलं, हो. बाजारच्या दिवशी ती दवाखान्याच्या बाकावर बसलेली दिसली. सोबत कोणी नव्हतं. मी सुई उकळायला ठेवली.

मग पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार घरी आला. मी आत कपबशा विसळत होते. मास्तर ओट्यावर. हवालदारानं डायरी उघडली आणि त्यांनाच विचारलं, “बायको परदेशी चालली म्हन्ते. तुमचं म्हननं काय?”

मी हात थांबवून ऐकू लागले. त्या कागदाबद्दल आम्ही घरात पुन्हा बोललो नव्हतो.

मास्तर म्हणाले, “मले काऊन इचारता? पासपोर्ट त्याईचा हाये. त्या आत हायेत. थांबा, बोलावतो.”

आमच्या घरात मला कोणी ‘त्या’ म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. पदराला हात पुसत बाहेर आले तेव्हा मास्तर उठून मला खुर्ची देत होते.

मुंबईचं उत्तर आलं. त्यात देवीची लस आणि कॉलऱ्याची सुई टोचल्याचा दाखला मागितला होता. छातीचा फोटोही. संमतीचा शब्दही नव्हता, ना मागणीचा, ना सूट दिल्याचा. ज्या गोष्टीसाठी मी सगळं पणाला लावलं ती वर कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. मला आधी राग आला आणि मग बाजारात जाऊन मोजे घेतले. जाड, लोकरीचे, खामगावच्या चाचांना शोभतील असे.

मी टोकियोला गेले. विमानात बसताना पर्समध्ये एका बाजूला शेंगदाण्याची चटणी होती आणि दुसऱ्या बाजूला मुंबईला भेटलेल्या एका जपानी गृहस्थाकडून लिहून घेतलेला पत्ता. कोर्स पुरा करून, सर्टिफिकेट घेऊन आले. हरवलेही, पण एकदाच. आल्यावर उन्हात उंद्रीच्या वाटा तुडवत तेच काम पुन्हा सुरू केलं. डिफॉल्टर जपानी असो की वऱ्हाडी, त्याच्या घरी जावंच लागतं, हे तिथून शिकून आले होते.

बऱ्याच वर्षांनी आमच्याकडची एक तरुण नर्स परदेशी ट्रेनिंगला निघाली. देवकरबाबू तेव्हा रिटायर व्हायला आले होते. पोरगी घाबरतच त्यांच्या टेबलापाशी गेली आणि विचारलं, “बाबू, घरच्यांची परवानगी लागते का?”

“कायले?” देवकरबाबू माझ्यादेखत म्हणाले. “आपल्या ऑफिसात तशी पद्धतच नाही. कधीच नव्हती.”

ऑफिसात इतकी वर्षं काढून मला एवढं कळलं आहे. असलेला नियम मोडला तर मेमो मिळतो. नसलेला मोडला तर तो कधी नव्हताच, असं सगळे शपथेवर सांगतात. तेव्हा भांडायचं, आणि श्रेयाची वाट बघायची नाही.