छातीशी राहिलेली बॅटरी

झरी जामणीकडच्या एका लहानशा चर्चचा मी पास्टर. त्याआधी सतरा वर्षं फौजेत रेडिओ ऑपरेटर होतो. प्रवचन बरोबर वीस मिनिटांत संपवतो, आणि शेवटी कधीमधी तोंडातून 'विश्राम' निघून जातं. बायको म्हणते, "देवाले तरी सावधानमध्ये उभं नका करू जी." नाताळात मात्र ती ही थट्टा करत नाही. का, ते सांगतो.

त्या वर्षी आमची पोस्ट बर्फात होती. तिथला रिवाज असा, की ज्याचा सण त्याला त्या दिवशी पेट्रोल, म्हणजे गस्त, नाही. दिवाळीला सुधाकरची पेट्रोल मी केली होती. नाताळाला माझी त्याने घेतली. सुधाकर कळंबचा, चिंतामणीचा भक्त. वऱ्हाडी बोलायला पोस्टवर आम्ही दोघंच.

सकाळी आठला चौघं निघाले. मी रेडिओ सेट सुधाकरच्या पाठीवर चढवला.

"प्रार्थनेत माह्यं बी नाव घेजो बे," तो म्हणाला. "चिंतामणीले सांगू नको फक्त."

"रागावन काय?"

"रागावत नाही. मोदक सोडून केक मागन."

नऊ पंचवीसला ढग उतरले. सुभेदारसाहेबांनी पेट्रोलला परत बोलावलं. सुधाकरचं 'रॉजर' स्वच्छ आलं. नऊ चाळीसला पहाऱ्यावरचा संत्री ओरडला. परतीच्या नाल्यावरच्या उतारात बर्फाला भेग पडली होती.

साहेबांनी हँडसेट घेतला. "चार्ली वन, नाला सोडा. धारेवरून या. ओव्हर."

"नाला क..." सुधाकरचा आवाज तुटला, मग खरखर. मग तीही नाही.

"बॅटरी बसली," साहेब म्हणाले. "स्पेअर आहे ना त्याच्याकडे?"

"आहे साहेब," म्हणता म्हणता माझा हात छातीवर गेला.

थंडीत बॅटरी गारठते. म्हणून ऑपरेटर स्पेअर बॅटरी कोटाच्या आत, अंगाला लावून ठेवतो. मी सुधाकरला सेट दिला, दोर दिला, शिटी दिली. बॅटरी माझ्याच अंगाशी राहिली. चांगली गरम होती. ती तशीच घेऊन मी अर्धा तास गुडघे टेकून पृथ्वीवर शांती मागत होतो.

"साहेब, चूक माझी."

"चूक नंतर. दोर घे."

आम्ही पाच जण डोंगराच्या धारेवरून निघालो. दहा चाळीसला खाली नाल्याच्या तोंडाशी चार ठिपके दिसले. मी शिटी फुंकली. वारा उलटा होता. तीन ठिपके थांबले, एक चार पावलं पुढे सरकला. तेवढ्यात उतारावरचा बर्फ सुटला.

तिघं नाल्याबाहेर उभे होते, म्हणून वाचले. "नाला एवढंच ऐकू आलं," त्यांनी सांगितलं. "नाल्यातून या की नाला सोडा, ते कळेना. तो म्हणाला, तुम्ही इथंच उभे राहा, मी पुढे जाऊन पोस्टवरून काही सिग्नल दिसतो का बघतो."

सुधाकर दुपारी एक दहाला बर्फाखाली सापडला. गेला होता. सेटमधली बॅटरी काढून त्याने कोटाच्या आत, छातीशी धरली होती. ऊब मिळाली तर एखादा शब्द निघेल, म्हणून.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मी कळंबला त्याच्या आईकडे गेलो. बॅटरीचं सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "माह्या पोरानं तुह्या सणासाठी ड्यूटी घेतली. मंग सण तरी नीट करत जाय."

करतो. श्रद्धेबद्दल लोक मला मोठमोठे प्रश्न विचारतात. माझ्याकडे उत्तर एवढंच आहे, की त्या माउलीने मला परत गुडघे टेकायला लावलं. प्रार्थनेत अजूनही आधी हात छातीवर जातो. लोकांना ती भक्ती वाटते. मी वाटू देतो.

नव्या वर्षाच्या उपासनेत आम्ही गेलेल्यांची नावं वाचतो. पहिलं नाव सुधाकरचं. एका वर्षी म्हाताऱ्या सोमाबाईंनी मधेच विचारलं, "हा कोन्या चर्चचा मानूस जी?"

"चर्चचा नाही, बाई. कळंबचा."

"मंग आपलाच हाय," सोमाबाई म्हणाल्या. "वाचा पुढं."