रागावणारी आक्का आणि न रागावणारा फोन

लेकीचं लग्न ठरलं आणि मी आळशीपणा केला. आमच्याकडं पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची आणि दुसरी थोरल्या बहिणीला, तीही भावानं स्वतः दारात जाऊन द्यायची. पण मी मच्छे गावच्या कारखान्यात कामाला; रविवारशिवाय सुट्टी मिळेना आणि रविवारी जायचा कंटाळा. म्हणून फोनमधल्या एआयकडून झोकदार निमंत्रण लिहून घेतलं आणि सदलग्याला आक्काला पाठवून दिलं. सुरुवातच 'आदरणीय भगिनी'!

तासाभरात आक्काचं उत्तर आलं. "ही भगिनी कोन रं? तिलाच बोलीव लग्नाला."

मग ती फोनच उचलेना. आत्याशिवाय मांडवाला शोभा कसली?

लेक मात्र एआयची बाजू घेऊन, फोनला दोष देणाऱ्या आजोबांशी भांडायला लागली. "आप्पा, त्येचा काय दोष? त्ये बोलतंय, शिकतंय, सांगितल्यालं ध्यानात ठेवतंय. जित्त्या माणसागतच की!"

आमच्या आप्पांनी वडगावात जन्मभर माग चालवला. पारखल्याशिवाय ते काही मानत नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला आणि धागा तुटल्यावर मागाला घालायच्या सगळ्या शिव्या त्याला ऐकवल्या. दरवेळी फोन नम्रपणे विचारी, "मी आपली आणखी काय मदत करू?"

"जीव न्हाय ह्येच्यात," आप्पांनी निकाल दिला. "आसता तर आतापतूर रुसला आसता."

त्या न्यायानं कारखान्यातले आमचे साहेब चार माणसांइतके जिवंत ठरतात. पण मला हसायची सोय नव्हती. आप्पा माझ्याकडं वळले. "आन् जिला रुसाय येतंय, तिला ह्येच्याकडनं बोलावतोस व्हय रं?"

रविवारी सदलगा गाठला. आक्का दारातच सुरू झाली. माझ्या शाळेतल्या खोड्यांपासून सगळं उकरून काढलं. मी पत्रिका धरून उभा होतो आणि आतून इतका खूश, की हसू आवरेना. आपल्यावर इतकं रागावणारं माणूस अजून जगात आहे, याचा मला खरोखर आनंद झाला.

"दात काय काढतोस? मशिनीला लई ग्वाड बोलाय येतंय. आता तुझ्या तोंडानं बोलीव बघू."

त्या फोननं दहा ओळी झरझर लिहिल्या होत्या. मी पत्रिका तिच्या हातात ठेवली आणि माझ्या तोंडून तीनच शब्द निघाले.

"आक्का... ये गं."

"यीन की रं," म्हणत तिनं डोळ्यांना पदर लावला. "आट दिस आदी यीन. तुमाला काय जमतंय लग्नाच्या कामातलं?"